वाटूरला न झालेला प्रयोग

माझ्या नाटकातल्या ज्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, ते वाक्य मी लिहिलेलं नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

वाक्य दोनच शब्दांचं आहे. हायवेवरच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक माणूस बसलाय, पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर, बाजूला कुबडी. रोजचा ट्रक ड्रायव्हर पावती घ्यायला आत येतो, त्याच्याकडं बघतो आणि विचारतो, "पाय दुखतो का?" हा म्हणतो, "चहा टाक." बस. लोक आधी हसतात, मग गप होतात, मग टाळ्या. एका परीक्षकानं लिहिलं होतं की लेखकाचा संयम थक्क करणारा आहे. ते कात्रण मी कितीतरी वर्षं पाकिटात घेऊन फिरलो. पण संयम माझा नव्हता. तो माझ्या वहिनीचा होता, आणि तिच्या दृष्टीनं तो संयम-बिंयम काही नव्हता. तिला माझा कंटाळा आला होता.

मी आता पन्नाशी ओलांडली. उजवा पाय लहानपणी पोलिओनं घेतला. गाव वाटूर, नोकरी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत, पाकिटं मोजून गाडीत चढवल्याची नोंद करायची. ऑफिस सुटलं की नाटक. लिहितो, बसवतो, कामही करतो. मला पुरुष आवडतात हेही आता मी चारचौघांत सांगतो, त्यावर भाषणं देतो. सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना "ज्येष्ठ रंगकर्मी, दिव्यांग, आणि..." इथवर येतो अन् पाण्याचा ग्लास शोधायला लागतो. मग मी माईक ओढून ती ओळख स्वतःच पूर्ण करतो. लोकांना हे फार धाडसाचं वाटतं. त्या धाडसाचाच हिशेब आज मोकळा करायचाय.

जालन्याला यायच्या आधी दोन वर्षं मी शहागडला एका वजनकाट्यावर होतो. नाटकातला ड्रायव्हर तिथलाच. आठवड्यातून दोनदा यायचा. डोक्याला पंचा, बोलणं निम्मं हिंदी. पावती घ्यायच्या आधी खाली उतरून प्रत्येक टायरला एकेक लाथ मारायचा, हवा तपासायला. मग केबिनमध्ये येऊन माझ्याच स्टोव्हवर चहा करायचा आणि बशीत ओतून एका दमात प्यायचा. आमचं काय होतं ते आम्ही कधी एकमेकांनाही बोललो नाही. पुढं त्याला दुसरी गाडी मिळाली, रस्ता बदलला. मी वाटूरला परत आलो आणि वही घेऊन बसलो.

नाटक लिहिलं. पण जसं घडलं तसं लिहायची छाती नव्हती, म्हणून ड्रायव्हरची मी बाई केली. अंगणवाडी सेविका. मला वाटलं, पुरा बंदोबस्त झाला.

स्पर्धेत ती मुख्य भूमिका मीच करणार होतो, त्यामुळे पाठांतर करायला कुणीतरी समोर लागायचं. दादा दिवसभर फाट्यावरच्या त्याच्या खत-बियाण्याच्या दुकानात. घरात वहिनी. दुपारी ती ओसरीवर शेंगा फोडत बसायची. सूप मांडीशी, वही गुडघ्यावर. समोरच्याची वाक्यं ती वाचायची, माझी मी म्हणायचो, चुकलो की ती टोकायची. एक बोट ओळीवर, दुसऱ्या हातानं शेंग. ती वही अजून माझ्याकडं आहे. पानांच्या घड्यांत टरफलांचा चुरा आहे आणि तेलाचे डाग तर जागोजाग.

वहिनीला हे काम नवीन नव्हतं हे मला तेव्हा कळलं. तिच्या माहेरी जत्रेत गावकऱ्यांचं नाटक व्हायचं आणि बाईचं काम नेहमी तिचे वडील करायचे. दिवसा नांगर, संध्याकाळी नऊवारी. त्यांचं पाठांतर ही सातवीतली पोरगी घ्यायची. नाटकासाठी साडी कुणाच्या तरी घरून मागून आणायची पद्धत, आणि जिची साडी, तिला त्या दिवशी पहिल्या रांगेत बसायचा मान. "माझ्या आईची साडी न्यायचे कधीकधी," वहिनी म्हणाली. "पण मला न्हाई बसू दिलं पुढं. पाठांतर घेणाऱ्याला कुठं रांग असती?"

तिसऱ्या दिवशी वाचता वाचता ती थांबली.

"भावजी, ही अंगणवाडीची बाई टायरला लाथ कामून मारती?"

मी म्हणालो, "तिची सवय आहे ती."

"तिच्याकडं ट्रक हाय का?"

"स्कूटी आहे."

"स्कूटीच्या टायरला लाथ मारती. बरं." तिनं एक शेंग फोडली. "डोक्याला पंचा बांधती. चहा बशीत ओतून एका दमात पेती. अन् ‘चलो, टैम हो गया’ म्हणून निघती. पोरांला खिचडी कवा देती ही?"

मी वहीकडं हात केला, तिनं वही मागं घेतली.

"माझे वडील गडी असून बाई वाटायचे," ती म्हणाली. "तुमची ही बाई असून गडी वाटती. लई मेहनत केली तुम्ही, पण हिला साडी बसना झाली."

मान खाली घालून कॅलिपरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. सोडायची गरज नव्हती. समोरच्या लिंबाखाली कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडं मी इतकं बारकाईनं बघितलं की आजही ती मला ओळखता येईल.

"कोण हाय त्यो?" वहिनीनं विचारलं. आणि मी उत्तर देणार नाही हे बघून लगेच म्हणाली, "नका सांगू. मला काय करायचंय. पण नाटकात तरी बाई काढा. लोक येडे न्हाईत, हसतील."

मग तिनं एक गोष्ट केली जी मी कधी विसरणार नाही. पदर सोडून डोक्याला गुंडाळला, मांडी बदलली, आणि त्या बाईचं सगळं काम गड्याचं म्हणून वाचायला सुरुवात केली. "आले, गेले"चं "आलो, गेलो" करत, जिथं अडलं तिथं स्वतःचं घालून. आवाज खाली आणला. सुपातला एक दाणा तोंडात टाकून तो चावता चावता वाक्य म्हणाली. तो असाच बोलायचा. तिनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मला हसूही आलं, आणि ते बघून तीही हसायला लागली, पदर सुटला, सूप कलंडलं.

"उचला शेंगा," म्हणाली. "तुमच्या ड्रायव्हरनं सांडल्या."

ड्रायव्हर हा शब्द मी तिला सांगितला नव्हता.

त्यानंतर पंधरा-वीस दुपारी आम्ही ते नाटक पुन्हा केलं. लिहिलं मी, हात माझा, पण तिनं जे जे काढायला लावलं ते निघालं. पाय दुखतो का, या प्रश्नाला मी दीड पान उत्तर लिहिलं होतं. वेदना, नियती, अंधार, सगळा बाजार. वहिनीनं ते दीड पान जांभया देत ऐकलं.

"दीड पान पाय दुखून राह्यला ह्याचा," म्हणाली. "तवर चहा थंड. खरं सांगा, पाय दुखल्यावर तुम्ही मला काय म्हणता?"

मी आठवून सांगितलं, "चहा टाका म्हणतो."

"मंग?"

मी दीड पानावर काट मारली.

स्पर्धेत नाटक झालं. दोन पुरुष, एक केबिन, एक स्टोव्ह. लेखनाचं बक्षीस मला मिळालं. वर्तमानपत्रात आलं, फोटोसकट आणि विषयासकट. दादानं तो पेपर फाट्यावरच्या हॉटेलात वाचला, म्हणजे बाकीच्यांनी वाचून झाल्यावर.

तो दुपारी जेवायला आला. मी ताटावर होतो. वहिनी चुलीजवळ भाकरी थापत होती. दादानं पेपर खाली ठेवला.

"हे घरात कुणाला माहीत होतं?"

वहिनीचे हात थांबले. माझ्या लक्षात आलं की ती बोलणार आहे. तिचं तोंड उघडलंच होतं.

मी आधी बोललो. "कुणालाच नाही. वहिनीला तर यातलं काहीच माहीत नाही. त्यांना नाटकातलं काय कळतंय?"

दादानं मान हलवली. त्याला ते बराबर वाटलं. वहिनीनं भाकरी उलटली, भाजली, आणि माझ्या ताटात वाढली. अगदी नेहमीसारखी.

मी स्वतःला सांगितलं की हे तिच्यासाठी केलं. तिच्यावर बालंट नको, नवरा-बायकोत भांडण नको. त्या वेळी त्यात थोडं खरंही असेल. पण ती भांडणाला तयार होती, आणि तिला विचारायचं मला सुचलं नाही. पुढं हेच वाक्य माझ्या उपयोगाला यायला लागलं, आणि मग त्यात खरं काहीच राहिलं नाही.

दादा माझ्याशी आठ महिने बोलला नाही. नंतर एक दिवस जालन्याला, नव्या नोकरीपायी मी घेतलेल्या खोलीवर आला, उभ्या उभ्या कुबडीच्या खालचं नवं रबर टेबलावर ठेवलं. "जुनं झिजलंय. घसरून पडशील अन् लोक म्हणतील भावानं ढकलला." एवढं बोलून गाडी गाठायला गेला. आमच्या घरात याला समेट म्हणतात.

नाटकाचे प्रयोग होत राहिले. बीड, परभणी, लातूर, पुणे. मला बोलवायला लागले. मुलाखतीत विचारायचे, सुरुवात कशी झाली? मी म्हणायचो, घरात नाटकाचं वातावरण नव्हतं. एक दिवस मी ठरवलं, आता खरं लिहायचं. एकटाच होतो. ‘एकटा’ म्हटलं की समोरची माणसं पेन उचलतात. मलाही ते ऐकायला बरं वाटायला लागलं. दहा वेळा सांगितल्यावर मला ती ओसरी आठवायची, पण रिकामी.

मधल्या काळात मी दुसरंही एक काम अंगावर घेतलं. जालन्यात ज्या सभागृहात आमचे प्रयोग व्हायचे तिथं स्टेजवर जायला सात पायऱ्या. दोन नट हातांची पालखी करून मला वर न्यायचे. एकानं शहाणपणा करून एकदा मला "गणपती बाप्पा" म्हणत उचललं, त्याला मी पुढच्या नाटकात मुक्याचं काम दिलं. अर्ज केले, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या घेऊन आम्ही वीसेक जण पायऱ्यांवर बसलो, तिथंच प्रवेश करून दाखवला. चार वर्षांनी रॅम्प मंजूर झाला. बांधून झाला तेव्हा बघायला गेलो. सुंदर रॅम्प, दोन्हीकडं कठडे, रस्त्यापासून थेट प्रेक्षकांच्या दारापर्यंत. स्टेजच्या सात पायऱ्या जशाच्या तशा.

मी तिथल्या साहेबांना विचारलं, "स्टेजला का नाही?"

ते खरोखर गोंधळले. "स्टेजवर अपंग माणूस कशाला जाईल, सर? सत्कारालाच ना? मंग सत्कार आपण खाली घेऊ की! बिलकुल अडचण न्हाई."

हा किस्सा मी पंधरा वर्षं भाषणात सांगतोय. हमखास हशा. माणूस वाईट नव्हता, मी म्हणायचो, त्याला फक्त आपण खालीच बसलेले दिसतो. या वाक्यावर लोक माना डोलवायचे, आणि मीही.

त्याच सभागृहात माझा मोठा सत्कार झाला. दादा आणि वहिनी वाटूरहून आले. तिसऱ्या रांगेत बसले. वहिनी प्रथमच या सभागृहात आली होती, आणि त्या दिवशी नाटक नव्हतं, फक्त भाषणं. मला पालखीतून वर चढवलं, शाल घातली, आणि मी बोललो. म्हणालो, "माझं पहिलं वाक्य ऐकायला घरात कुणीही नव्हतं." टाळ्या पडल्या. दादानंही वाजवल्या. वहिनीनं वाजवल्या की नाही, ते मी बघितलं नाही. म्हणजे बघायचं टाळलं.

स्टेशनकडं जाताना ऑटोत दादा पुढं रिक्षावाल्याजवळ, आम्ही दोघं मागं. रस्त्यात मोटारसायकलींचा गोंधळ. वहिनी माझ्या कानाशी वाकली.

"भावजी, मंग शेंगा कोण फोडत होतं? उंदीर?"

आणि हसली. खरंखुरं, तोंडाला पदर लावून. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. दादानं मागं वळून विचारलं, "काय झालं?" वहिनी म्हणाली, "काय न्हाई. भावजीचं भाषण आठवलं."

ती यावर पुन्हा कधी बोलली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं, रागाला उत्तर देता येतं. ती मात्र नेहमीसारखी. दिवाळीला शेंगदाण्याचे लाडू पाठवते, डब्यावर कागद चिकटवते: "भावजींना. उंदरांना नाही."

ड्रायव्हरनंही एकदा नाटक बघितलं. बीडला, मागच्या रांगेत. प्रयोग संपल्यावर भेटला, केस पांढरे, पोट सुटलेलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. म्हणाला, "तुझा तो नट टायरला लाथ बराबर मारत न्हाई. टाचेनं मारायची असती, चवड्यानं न्हाई." मग थोडं थांबून, "बाकी बोलतो मात्र माझ्यासारखाच. ते कसं जमवलं?" मी म्हणालो, "जमलं." तिथंही मी तिचं नाव घेतलं नाही. आता तो मला रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे मेसेज पाठवतो. सगळ्या ग्रुपवर जातात तेच. तरी मी रोज बघतो.

एवढे प्रयोग झाले, पण वाटूरला एकही नाही. वहिनीनं ते नाटक स्टेजवर अजून बघितलेलं नाही. आधी कुणी बोलावलंच नाही, आणि मला बरंच वाटलं. तीन वर्षांमागं गावानं बोलावणं पाठवलं. जत्रेत शाळेच्या पटांगणात नाटक ठेवू म्हणाले, विषयाचं आम्ही बघू, तू ये. गाव बदललंय हे मला मान्यच करावं लागलं, आणि त्याचा मला चक्क राग आला. कारण वाटूरला करायचं म्हणजे दादा समोर, वहिनी समोर, आणि ते दोन शब्द मी त्यांच्या देखत माझे म्हणून बोलायचे.

म्हणून मी कळवलं, स्टेजला रॅम्प नसेल तर मी प्रयोग करत नाही. माझं तत्त्व आहे.

तत्त्व आहेच. पण इतर गावांत मी पालखीत बसून मुकाट्यानं चढलोय. तीन वर्षं मी त्या तत्त्वाच्या आड लपलो. ज्या गोष्टीसाठी वीस जण उन्हात पायऱ्यांवर बसले, तिचा मी दार लावायला उपयोग केला. हे लिहिताना मला जास्त लाज वाटते की भाकरीच्या ताटावरचं वाक्य लिहिताना, सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात दादाचा मेसेज आला. सोबत फोटो. शाळेच्या पटांगणात सिमेंटचा पक्का ओटा, आणि त्याच्या मागच्या बाजूनं, विंगेतून थेट स्टेजवर जाणारा रॅम्प. लांब, बेताच्या चढाचा, एका बाजूला पाइपाचा कठडा. मी आजवर पाहिलेला सगळ्यात बराबर रॅम्प. फोटोत रॅम्पच्या मधोमध एक म्हैस उभी.

खाली दादानं लिहिलं होतं: "झाला. मजबूत आहे का बघायला म्हैस चढवून पाहिली. चढली. उतरायला तयार नव्हती. तू कधी येतो?"

मी ताबडतोब फोन लावला. वहिनीनं उचलला.

"बघितला का फोटो?" ती म्हणाली. "माप मी सांगितलं. हे म्हणत होते पुढून करू, लोकांला दिसंल. मी म्हणलं, पुढून कामून? भावजीला काय सत्काराला चढायचंय? विंगेतून एंट्री हाय त्यांची."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आता काय कारण सांगता?" तिनं विचारलं. हसत होती. मागं दादा कुणाला तरी म्हशीला चारा टाकायला सांगत होता.

मी म्हणालो, "कारणं संपली, वैनी. येतो."

"या. पाठांतर हाय का ध्यानात? का पुन्हा शेंगा आणू?"

"आणा," मी म्हणालो.

या लेखात मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. तिचंही नाही, कारण ते आधी छापायचं नाही, आधी बोलायचंय. वाटूरच्या त्या ओट्यावर, पडदा उघडायच्या आधी, ती पहिल्या रांगेत बसलेली असताना आणि दादा तिच्या शेजारी. "वहिनीला यातलं काही माहीत नाही" हे वाक्य मला त्याच्यासमोर परत घ्यायचंय, आणि सांगायचंय की हे नाटक दोघांनी केलं, आणि त्यातली एक ही.

ते मी अजून केलेलं नाही. एवढं देणं माझ्याकडं बाकी आहे.